चातुर्मासातली लसूण

मौजे भोर, तालुका भोर, जिल्हा पुणे. सन दोन हजार पंचवीस, श्रावण शुद्ध नवमी, वार रविवार. वेळ देवपूजा आटोपल्यानंतरची आणि नैवेद्य दाखवण्याच्या आधीची. हजर : उपेंद्र शाळिग्राम, भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त भूकरमापक, आणि त्यांच्या पत्नी सौदामिनी. वादाचा विषय : लसूण.

"औषध म्हणून जे पोटात जातं, ते अन्न नव्हे," उपेंद्रराव म्हणाले. ते नुकतेच देवापुढून उठले होते. कमरेला वडिलांच्या वेळचा किरमिजी रेशमी मुकटा होता आणि कपाळावर ओले गंध. "आणि जे अन्नच नव्हे, ते चातुर्मासात वर्ज्य कसं असेल? सांग बरं."

सौदामिनीबाईंनी सांगितले नाही. उत्तर दिले की त्यातून दुसरा प्रश्न निघतो, आणि दुसऱ्यातून तिसरा, हे त्या संसारात फार लवकर शिकल्या होत्या. त्यांनी नवऱ्याने सोडलेला मुकटा नेहमीप्रमाणे डाव्या हातावर घेतला, झटकला, त्याची घडी केली आणि काठीने वर उचलून वलणीवर सरकवला. मग त्या मागच्या पडवीत गेल्या.

पडवीत गेल्या महिन्याभरापासून एक वेगळा संसार मांडला गेला होता. एकच बर्नर असलेली शेगडी, वेगळी सुरी, वेगळा खलबत्ता, वेगळी वाटी. आषाढी एकादशीला कांदा, लसूण आणि वांगे या घरातून बाहेर जात, ते थेट कार्तिकात परत येत. यंदा लसूण मात्र पुढच्या दाराने गेली आणि मागच्या दाराने आत आली. कच्च्या लसणीच्या पाकळ्या ठेचून ताज्या दह्यात कालवायच्या, वर ओली हळद आणि आले किसायचे, चमचाभर ओले खोबरे घालायचे, आणि हा गोळा उपेंद्ररावांनी पडवीतच, पाटावर बसून, उत्तरेकडे तोंड करून खायचा. मग चूळ भरून, पाय धुऊन घरात. सौदामिनीबाईंच्या वाट्यालाही तसाच एक गोळा असे. साखर, गूळ, पाव, इडली, ढोकळा, आंबवलेले काहीही, दोघांनाही बंद. ही सारी व्यवस्था निवृत्त सहकाऱ्यांच्या मोबाईलवरच्या गटात आलेल्या एका लांबलचक मजकुरातून उतरली होती. बुरशीशी लढणारी अन्ने, असा त्याचा मथळा होता.

"बुरशी साखरेवर जगते," उपेंद्ररावांनी तो मजकूर वाचून दाखवताना सांगितले होते. "साखर तोडली की तिची रसद तुटली."

"मग नैवेद्याला काय करू? देवालाही बिनसाखरेची खीर?"

"देवाला नायटा होत नाही."

नायटा मात्र त्यांना झाला होता, आणि तो सरकारी जमिनीवरच्या झोपडीसारखा हलायला तयार नव्हता. मागच्या पावसाळ्यात कमरेवर रुपयाएवढे एक वर्तुळ उठले. औषधांच्या दुकानातून आणलेल्या मलमाने ते चार दिवसांत मिटले आणि महिन्याभरात दुप्पट होऊन परतले. मग दुसरे मलम, मग तिसरे. दर वेळी तोच प्रकार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी कायम करून देणाऱ्या या गृहस्थाने शेवटी स्वतःच्या कमरेची मोजणी सुरू केली. रविवारी सकाळी आंघोळीपूर्वी ते आरशापुढे उभे राहत आणि निळ्या बॉलपेनने नायट्याच्या कडेवर बारीक रेघ ओढत. पुढच्या रविवारी लाल किनार रेघेच्या आत असली तर लसणीचा विजय. बाहेर गेली असली तर अतिक्रमण.

त्या रविवारी अतिक्रमण झाले होते. म्हणूनच तो वाद.

उपेंद्ररावांच्या कमरेवर काय चालले आहे याच्याशी सौदामिनीबाईंना खरे तर फारसे देणेघेणे उरले नव्हते. त्या थकल्या होत्या. पावसाने ओसरीतले कपडे आठ-आठ दिवस ओले राहत, घरभर कुबट वास भरून असे, आणि त्या वासातून लसणीचा वास पडवीतून आत येई. त्यांना चिंता होती ती स्वतःच्या डाव्या हाताची. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला तीन वर्तुळे उमटली होती, एकात एक गुंतलेली, कडेला लाल आणि मध्ये फिकट.

शौनकला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, वैशाखात मुलगी झाली होती. सून शिवानी अजून वाईला माहेरीच होती. गौरींना ती बाळाला घेऊन प्रथमच भोरला येणार होती. गल्लीतल्या कितीतरी बाळांची तेल-पाणी सौदामिनीबाईंनी केली होती. पायांवर पालथे घेतलेले मूल त्यांच्या हाताखाली रडायचे थांबते, असे लोक सांगत. कोणाकडे बाळंतपण असले की पहिले आठ दिवस त्यांनाच बोलावणे येई. आणि आता स्वतःच्या नातीचे बारसे झाले तेव्हा त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेऊन पाळण्यापासून हातभर लांब उभे राहून नाव ऐकले होते : शुभ्रा. बाळ घेतले नव्हते.

त्याच रविवारी दुपारी शिवानीचा फोन आला.

"आई, राग मानू नका हं, पण विचारते. हातावरचं ते गेलं का?"

"जातंय," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"म्हणजे गेलं नाही."

"नाही गेलं."

 शिवानी, जिला सासूशी उद्धटपणे बोलता येत नसे, फार सांभाळून म्हणाली, "तिची कातडी अजून इतकी कोवळी आहे ना. गौरींपर्यंत बरं झालं तर येऊच आम्ही. तुम्हीच न्हाऊ घाला तिला. नाहीतर मग... बघू."

त्या 'बघू'वर सौदामिनीबाई रात्रीपर्यंत विचार करत राहिल्या.

नारळी पौर्णिमेला गोरख आला. उपेंद्रराव वेल्ह्याच्या कचेरीत असताना गुंजवण्याचा हा शेतकरी मोजणीच्या वेळी साखळीचे टोक धरायला येई; साखळी गेली, यंत्रे आली, ओळख मात्र टिकली. उत्रोलीला बहिणीकडे राखी बांधून घ्यायला आला होता, जाता जाता डोकावला. हातात शेतातल्या लसणीची जुडी आणि फडक्यात बांधलेली आंबेहळद.

"भाऊसाहेब, हे तुमच्यासाठी. घरची हाये. आन् हे काय, तब्येत उतरलीय तुमची?"

"पथ्य चालू आहे," उपेंद्रराव म्हणाले, आणि त्यांनी नायट्याची हकिगत पहिल्या वर्तुळापासून सांगितली, बॉलपेनच्या रेघांसह.

गोरखने मांडीवर थाप मारली. "आरं देवा! अख्ख्या तालुक्याच्या हद्दी कायम केल्या तुमी, आन् स्वतःच्या कमरंवरचं अतिक्रमण उठंना व्हय!"

"हसतोस काय? नोटीस बजावली आहे. लसूण चालू आहे रोज."

"खाताय?"

"खातो."

"खाऊन काय व्हतंय! आमच्या आईला, साळूबाईला, लावणीत चिखल्या झाल्या व्हत्या. बोटांच्या बेचक्या पार सडल्या. तिनं लसूण वाटून बांधली. चर्र झालं, पर जळून गेलं सगळं."

"चिखल्या गेल्या?" सौदामिनीबाईंनी नारळीभाताची थाळी त्याच्यापुढे ठेवत विचारले.

गोरखने घास घेतला. "गेल्या की, वैनी. लावणी संपल्यावर गेल्या."

उपेंद्ररावांनी या उत्तराचा शेवटचा भाग ऐकला नाही. सौदामिनीबाईंनी ऐकला, पण त्या वेळी त्यांना त्याचे काही वाटले नाही. त्या तो गुळाचा भात गोरखला वाढत होत्या आणि स्वतः नुसत्या त्याच्या वासावर समाधान मानत होत्या.

"भाऊसाहेब, तुमी न्हाई घेत?"

"मला गूळ चालत नाही."

"नारळी पुनवंला गूळ चालत न्हाई! लई वाईट रोग हाये म्हणायचा."

तो गेल्यावर उपेंद्ररावांनी आंबेहळद आणि लसूण एकत्र वाटून घेतली आणि सौदामिनीबाई नको नको म्हणत असताना कमरेवर लेप दिला. संध्याकाळी त्या लेपाखाली फोड आले. रात्रभर ते एका कुशीवर पडून राहिले आणि पहाटे, जणू दुसऱ्याच कोणाची तक्रार सांगावी अशा आवाजात, म्हणाले, "भाजलंय."

"डॉक्टरीणबाई गुरुवारी येतात," सौदामिनीबाई म्हणाल्या. "मी जाणार आहे. तुम्ही येणार असाल तर या."

"मलमवाल्यांकडे मी येणार नाही. तीन मलमं झाली."

"ती तुम्हाला दुकानदारानं दिली. डॉक्टरनं नव्हे."

उपेंद्ररावांनी फोडांवर खोबरेल लावायला सुरुवात केली.

त्वचेच्या डॉक्टर सोनिया आठवड्यातून एकदा पुण्याहून येत आणि एस.टी. स्टँडजवळच्या एका दवाखान्यात बसत. वयाने शिवानीएवढ्याच. त्यांनी सौदामिनीबाईंचा हात दिव्याखाली धरला, उलटसुलट केला आणि उजवाही मागितला. उजवा स्वच्छ होता.

"घरात आणखी कोणाला आहे?"

"यांना. कमरेला."

"टॉवेल एकच?"

"छे! टॉवेल वेगळे, साबण वेगळा, अंथरूण वेगळं. हे त्या बाबतीत फार काटेकोर आहेत."

"मग तुम्हाला डाव्याच हाताला कसं झालं, काकू? डाव्या हातावर रोज काय घेता तुम्ही?"

सौदामिनीबाईंनी खूप आठवले. भाजीची पिशवी उजव्या हातात असते. फुलांची परडीही. कुत्र्यामांजराची सवय घरात नव्हती. "काही नाही हो," त्या म्हणाल्या.

"आठवलं तर सांगा. गोळ्या आणि मलम, दोन्ही. दिसायला बरं झालं तरी मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही. काकांनाही आणा, त्यांचं एकट्याचं राहिलं तर तुमचं परत येईल. आणि अंगाला लागणारं प्रत्येक कापड गरम पाण्यात धुऊन पूर्ण कोरडं करायचं."

"ऊनच नाही, डॉक्टर. श्रावण आहे."

"इस्त्री आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उपेंद्ररावांनी आंघोळ केली, अंग अर्धवट पुसले, ओलेत्या अंगाला मुकटा गुंडाळला आणि पूजेला बसले. पूजा झाली. मुकटा सोडला. सौदामिनीबाईंनी तो डाव्या हातावर घेतला आणि झटकायला उजवा हात उचलला, तो तसाच राहिला.

मुकट्याचा कमरेशी येणारा भाग, जिथे निऱ्या खोचल्या जातात, गार आणि दमट, नेमका त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पडला होता. तीन वर्तुळांवर. रोज याच जागी पडत आला होता. कापूस रोज धुवायचा, रेशमाला धुणे लागत नाही. ते वाऱ्यानेच शुद्ध होते. ही या घराची रीत, सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलेली. मुकटा रोज झटकला जाई, सणावारी कधी उन्हात पसरला जाई, पण पाण्यात गेल्याचे त्यांनी पाहिले नव्हते. आणि गेला महिनाभर उन्हाचे तोंड कोणी पाहिले नव्हते. गोरखचे बोलणे त्यांना आत्ता ऐकू आले : लावणी संपल्यावर गेल्या. चिखलातून पाय निघाले तेव्हा.

 त्यांना आनंद झाला नाही, रागही आला नाही. ही साधी गोष्ट, आणि हिच्यासाठी एवढी लसूण सोलली, एवढेच त्यांच्या मनात आले. बोटांना अजून तिचा वास होता.

"काय झालं?" उपेंद्ररावांनी विचारले.

"हा धुवायला हवा."

"काय धुवायला हवा?"

"मुकटा. गरम पाण्यात."

उपेंद्रराव पाटावरच बसले. आता मोठा वाद होणार, या तयारीने त्यांनी पाय आखडून घेतले. "रेशीम सोवळंच असतं. त्याला ओवळेपण येत नाही. वाऱ्यानं शुद्ध होतं ते. तुला माहीत नाही असं नाही."

"वारा कुठाय? त्या खोलीची खिडकी पावसामुळे आषाढापासून बंद आहे."

"मुद्दा खिडकीचा नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे. रेशीम शुद्ध की अशुद्ध?"

"शुद्धच असेल हो," सौदामिनीबाई म्हणाल्या. "कोरडं नाही."

उपेंद्ररावांनी तोंड उघडले. वादात प्रतिपक्षाने आपले म्हणणे मान्य केले की पुढे काय म्हणायचे, याची त्यांना सवय नव्हती. सौदामिनीबाईंनी पदर मागे घेऊन डावा हात त्यांच्यापुढे धरला, मुकट्याची ओली निरी त्यावर ठेवली आणि उचलली. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. उपेंद्ररावांची नजर सवयीने वर्तुळांच्या कडेवर आणि निरीच्या कडेवर फिरली. शेजारशेजारच्या दोन गटांचा नकाशा जुळावा तशा त्या कडा जुळत होत्या.

"बाबांचा आहे तो," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "उकळत्या पाण्यात घातलास तर जाईल."

"जाईल."

"मग?"

"मग काय? मला माझ्या नातीला न्हाऊ घालायचंय. इतकी वर्षं तुमच्या घरचं सगळं केलं, कशाला कधी नाही म्हटलं नाही. पडवीत बसून लसूणसुद्धा खाल्ली. आता माझ्याच्यानं होत नाही."

हे म्हणताना त्यांनी आवाज चढवला नाही. बंब पेटवलेलाच होता. बादलीत पाणी काढले, मुकटा सोडला आणि वरून लाकडी थापीने दाबला. किरमिजी रंग इतक्या वेगाने सुटला की क्षणभर दोघेही बादलीकडे पाहतच राहिले.

"केवढा रंग सोडला त्यानं," उपेंद्रराव म्हणाले.

"पहिल्यांदाच न्हातोय. सोडेलच."

मुकटा वाळला तेव्हा विटक्या गुलाबी रंगाचा, ताठ आणि आखूड झाला होता. उपेंद्ररावांनी तो कमरेला लावून पाहिला, गाठ बसेना. त्यांनी तो देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ते रोज धुतलेला, इस्त्रीने कोरडा केलेला सुती पंचा नेसून पूजेला बसू लागले, आणि चार दिवसांतच धूतवस्त्र हेच मूळचे सोवळे कसे, हे शेजाऱ्यांना समजावून सांगू लागले. सौदामिनीबाईंनी पडवीतली शेगडी उचलून माळ्यावर टाकली. कोणी विचारले नाही.

पुढच्या गुरुवारी उपेंद्ररावही दवाखान्यात आले, आणि त्यानंतरच्या गुरुवारी ते स्वतःहून आधी तयार होऊन बसले. गौरींना तीनच दिवस उरले असताना डॉक्टर सोनियांनी दोघांना पुन्हा एकत्र तपासले. बॉलपेनच्या जुन्या रेघा पुसट झाल्या होत्या आणि लाल कड त्यांच्या बरीच आत सरकली होती. उपेंद्ररावांनी प्रश्न तयार ठेवला होता.

"डॉक्टर, मला एवढंच सांगा. लसूण, दही, हळद, खोबरं. हे सगळं बुरशीविरुद्ध असतं, हे खरं की खोटं?"

"प्रयोगशाळेत काचेच्या बशीत बुरशी वाढवून तिच्यावर लसणीचा अर्क टाकला तर ती मरते, काका. तसे प्रयोग झालेले आहेत."

"म्हणजे खरं!" उपेंद्रराव बायकोकडे वळले.

"पण तुमची बुरशी बशीत नाही, कमरेवर आहे. लसूण तुम्ही पोटात घेता. ती पचते, आणि पचून उरेल तेवढी कमरेपर्यंत पोचेल की नाही, कोणी सांगू शकत नाही. खा. दही चांगलं, आलं-हळद चांगलं. साखर कमी केलीत तर वाईट काहीच नाही. फक्त त्याला औषध म्हणू नका, आणि कातडीवर तर मुळीच चोळू नका. हे फोड कशाचे ते मी विचारलं नाही, पण मला कळलंय."

उपेंद्ररावांनी सदरा खाली केला. त्यांच्या डोक्यात पुढचा मुद्दा तयार होत होता हे सौदामिनीबाईंना दिसले, आणि या खेपेला त्यांनी तो तयार होऊ दिला नाही.

"माझं बघा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. वर्तुळे फिकट तपकिरी झाली होती. लाली गेली होती. बोट फिरवले तर कड अगदी थोडीशी लागे. "परवा सून येते आहे. बाळाला घेऊन. वैशाखात झालेली आहे. अजून घेतलं नाही मी तिला. न्हाऊ घालू शकते का, एवढंच सांगा. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण बघू म्हणू नका."

डॉक्टरांनी हात दिव्याखाली धरला. काचेच्या पट्टीने एका कडेवरची कातडी हलकेच खरवडली, पलीकडच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळा लावून बराच वेळ पाहिले. बाहेर पावसाची सर येऊन गेली. 

परत येऊन डॉक्टरांनी सौदामिनीबाईंचा हात त्यांच्याच मांडीवर ठेवला.

"अजून थोडी बुरशी आहे, काकू. येऊ द्या त्यांना, पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घाला, साबणानं हात धुवा आणि घ्या बाळाला मांडीवर. पण उघड्या हातानं तेल लावून न्हाऊ घालणं गौरींना नाही. दिवाळीला."